भाद्रपदातली पेरणी

न्यू जर्सीत गणपती आणि गवताची पेरणी बहुतेक वर्षी पाठोपाठ येतात. सकाळी देवासाठी दूर्वा निवडायच्या, दुपारी अंगणात गवताचं बी फोकायचं. गावाकडे गवत कुणी पेरत नाही. शेतकऱ्याचं अर्धं आयुष्य ते काढण्यात जातं. हरळी कुदळीनं खणली, वेचली, बांधावर वाळवून जाळली, तरी मातीत राहिलेल्या कांडीतून ती पुन्हा डोकं काढतेच. अशा मुलखातल्या माणसानं गवताचं बी विकत आणावं आणि त्याला पाणी घालत बसावं, हे गावी फोनवर सांगायची सोय नाही.

हंगाम मात्र ओळखीचा आहे. ही आपली रब्बी.

इथे नवा आलेला माणूस हमखास वसंतात पेरतो. बर्फ वितळलेलं असतं, दुकानांत बियांच्या पिशव्यांच्या थप्प्या लागलेल्या असतात, आणि आपल्या रक्तात मृग भिनलेला: पाऊस दिसला की पेरा. एप्रिलचं बी उगवतंही छान. पण मुळं खोल जाण्याआधी जुलै येतो आणि क्रॅबग्रास नावाचं तण सगळं अंगण बळकावतं. सप्टेंबरात डाव उलटतो. उन्हाळाभर तापलेली माती अजून उबदार, हवा गार, आणि क्रॅबग्रासचे दिवस भरलेले; पहिल्या कडक दंवाला ते मरतंच. फेस्क्यू, राय, केंटकी ब्लूग्रास ही गव्हाच्या भावकीतली, थंडी मानवणारी. क्रॅबग्रास ज्वारी-बाजरीच्या भावकीतलं, दूर्वा नाचणीच्या. एवढं समजलं की कॅलेंडर बघावं लागत नाही.

आधी जुनं गवत आखूड कापायचं, वाळका पेंढा दाताळ्यानं ओढून काढायचा. मग भाड्यानं आणलेला एरेटर. हे यंत्र जमिनीतून बोटाएवढे मातीचे तुकडे उपसून तिथेच टाकत जातं आणि गल्लीभर आवाज करतं. मग बी. फेस्क्यूच्या एका पौंडात दोन लाखांच्या आसपास बिया, ब्लूग्रासच्या पौंडात वीस लाखांच्या घरात. मूठ भरली तरी हाताला काही लागल्यासारखं वाटत नाही. जुन्या गवतात अडकलेलं बी चिमण्यांचं. मातीला टेकलं तेच आपलं, म्हणून वरून दाताळं उलटं फिरवायचं आणि कंपोस्टचा पातळ थर द्यायचा.

पिशवीवरची चिठ्ठी मी औषधाच्या बाटलीसारखी वाचतो. उगवण किती टक्के, तणाचं बी किती, चाचणी कधी झाली, हे त्यावर छापणं कायद्यानं भाग आहे. बी बहुधा ऑरेगनच्या विलामेट खोऱ्यात पिकलेलं असतं, पण वाणांची घराणी आमच्या शेजारची. इथल्या रटगर्स विद्यापीठाच्या रीड फंक यांनी १९६७ साली ‘मॅनहॅटन’ नावाचं राय आणलं. त्याचे पूर्वज न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कातल्या जुन्या हिरवळीतून उचललेले होते. लोकांच्या पायांखाली वर्षानुवर्षं तुडवलं जाऊनही जे टिकलं, त्यातून निवड. ही निवड मला पटते.

सगळ्या हिरवळीचं मात्र पटत नाही. उपग्रहांच्या चित्रांवरून केलेल्या अंदाजानुसार अमेरिकेतल्या लॉनखाली निदान १,२८,००० चौरस किलोमीटर जमीन आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. एवढं गवत, आणि खायला एक म्हैस नाही! तरीही संध्याकाळी पाइप घेऊन उभा राहतो. पहिले दोन-तीन आठवडे वरचा थर सुकू द्यायचा नाही, म्हणून दिवसातून दोनदा थोडं थोडं पाणी. धो-धो सोडलं की बी वाहून सखल कोपऱ्यात गोळा होतं.

राय आठवड्याभरात कोंब दाखवतं. फेस्क्यूला आणखी काही दिवस लागतात. ब्लूग्रास तीन-चार आठवडे मातीत दडून बसतं आणि पिशवी फुकट गेली असं वाटायला लावतं. तोवर नवरात्र येतं. देवघरात घटाभोवतीच्या मातीत पेरलेले गहू नऊ दिवसांत वीतभर पिवळे होतात; मुलं दसऱ्याला त्यांचे तुरे टोपीत खोवून बाहेर पळतात, आणि मी मागून ओरडतो, लॉनवरून नको, फुटपाथवरून जा.