रीळ आणि मरळ

वेदगंगेच्या काठी बांबूची काठी, दोरी आणि गांडुळाचे आमिष एवढ्या सामग्रीवर आम्ही कितीएक वर्षे काढली. बेटकास्टिंग रीळ हाती आले ते निवृत्तीनंतर. साध्या स्पिनिंग रिळात फेकीच्या वेळी स्पूल स्थिर राहतो व दोरी त्यावरून सुटत जाते. येथे स्पूल स्वतःच फिरतो. त्याला फिरविण्याचे बळ आमिषाच्या वजनातून येते. म्हणून पाच-सात ग्रॅमच्या कृत्रिम मासोळीस हलका, उथळ स्पूल हवा. जड आमिषास खोल, भरपूर दोरीचा चालतो. आमिष पाण्यावर टेकताच अंगठ्याने स्पूल थोपवावा लागतो, अन्यथा दोरीचा असा गुंता होतो की संध्याकाळ त्यातच जावी! एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील केंटकीत अशी रिळे घडविणाऱ्यांत घड्याळजी होते, यात नवल ते काय?

अमेरिकनांचा बास आपल्या पाण्यात नाही. त्याच्या जागी आपला मरळ. तो शेवाळ-पाणवनस्पतींत दडतो. त्यासाठी रबरी बेडूक, विणीची जाड दोरी व मजबूत रीळ घ्यावे.

मात्र पावसाळ्यात पाण्यावर तांबूस पिलांचा थवा दिसला, तर त्याखाली राखणदार मरळ असतोच. तो बेडकावर झेपावतो ते पिलांच्या रक्षणासाठी. तो गळाला लागला की पिले इतर माशांच्या तोंडी जातात. अशा जागी आम्ही रीळ पिशवीतून काढीतच नाही.