एकाच नांवाचीं दोन बिऱ्हाडें

आमच्या घरीं जिन्याखालीं एक जुना संगणक आहे. एका कचेरीनें तो मोडींत काढला होता. आम्हीं तो अल्प किंमतींत घेऊन त्यांत १६ जीबी रॅम व एक नवी डिस्क बसविली. तेव्हांपासून तो रात्रंदिवस चालूं असून आमच्या कुटुंबाचे फोटो, हिशेब व ध्वनिमुद्रणें सांभाळतो. अशा यंत्रास ‘होम सर्व्हर’ म्हणतात. त्याच्या संगतींत आम्हांस जो एक धडा मिळाला, तो वाचकांपुढें ठेवावा असें वाटतें.

एका यंत्राचीं अनेक यंत्रें कशीं होतात, असा प्रश्न विद्यार्थ्यांस पडेल. त्यांनीं एखादा जुना वाडा डोळ्यांपुढें आणावा. वाडा एक, मालक एक, विहीर एक. परंतु आंत बिऱ्हाडें अनेक, व प्रत्येकाची चूल निराळी. संगणकांतील अशा बिऱ्हाडास ‘व्हर्च्युअल मशीन’ म्हणतात, आणि मालकाचें काम करणाऱ्या प्रणालीस ‘हायपरवायझर’. ही युक्ति नवी नव्हे. आयबीएम कंपनीनें १९७२ सालींच आपल्या मोठ्या संगणकांसाठीं व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली होती. पुढें २००७ सालीं केव्हीएम हा भाग लिनक्समध्यें समाविष्ट झाला व २००८ सालीं प्रॉक्समॉक्स ही प्रणाली निघाली. तेव्हां हें वैभव सामान्य गृहस्थाच्या जिन्याखालीं येऊन बसलें. आम्हीं प्रॉक्समॉक्सवर तीन यंत्रें थाटलीं, प्रत्येकास चार जीबी रॅम वांटून दिली व उरलेली मालकासाठीं राखिली.

यांपैकीं एका यंत्रांत आमच्या आत्याबाईंच्या जात्यावरच्या ओव्या होत्या. त्या ओव्या म्हणत, आणि आम्ही फोनवर टिपून घेऊन सर्व्हरवर ठेवीत असूं. एके रविवारीं त्या संग्रहाची नवी मांडणी करून पाहण्याची हौस आली. मूळ यंत्रास धक्का नको म्हणून आम्हीं त्याचा ‘क्लोन’ म्हणजे हुबेहूब प्रत केली. कांहीं मिनिटांतच भांड्याकुंड्यांसह दुसरें बिऱ्हाड उभें राहिलें! वेळ नसल्यामुळें आम्हीं तें तूर्त बंद ठेविलें. पुढील महिन्यांत आत्याबाईंनीं आणखी दोन वेळां ओव्या म्हटल्या. तीं दोन मुद्रणें मूळ यंत्रांत ठेवून फोनमधून आम्हीं पुसून टाकलीं. त्यानंतर थोड्याच दिवसांत आत्याबाई निवर्तल्या.

पुढें एके रात्रीं क्लोन चालूं केला. नव्या मांडणीसाठीं त्यांतील संग्रह रिकामा करावयाचा होता. त्याच्या पत्त्यावर जाऊन आम्हीं आज्ञा दिली, आणि क्षणांत संग्रह रिकामा झाला. परंतु रिकामें झालें तें क्लोनचें घर नव्हे, मूळ यंत्राचें!

असें कां घडलें? प्रॉक्समॉक्सनें क्लोनला नवा मॅक-पत्ता दिला होता. पण लिनक्सच्या पोटांत ‘मशीन-आयडी’ नांवाची एक खूण असते, ती दोघांची एकच राहिली. राउटरकडे पत्ता मागतांना दोघांनीं तीच खूण पुढें केली, म्हणून दोघांस एकच पत्ता मिळाला. एका नांवाचीं दोन बिऱ्हाडें असल्यावर टपालवाल्यानें पत्र कोणाच्या दारांत टाकावें? शिवाय एसएसएचची ओळखकिल्ली एकच आणि यंत्राचें नांवही एकच. त्यामुळें ‘हें घर निराळें आहे’ अशी सूचनादेखील आम्हांस मिळाली नाहीं. दोष यंत्राचा नव्हे. घाई आमची होती.

क्लोनमध्यें जुन्या ओव्या सुखरूप होत्या. शेवटचीं दोन मुद्रणें मात्र नव्हतीं. कारण प्रत जन्मली त्या क्षणापर्यंतचेंच तिला ठाऊक असतें. तीं दोन मुद्रणें कायमचीं गेलीं. त्यांतील एका ओवीचा अर्धा चरण आमच्या मातोश्रींस आठवतो. तेवढा आम्हीं वहींत लिहून ठेविला आहे.

आतां आम्ही आधीं मशीन-आयडीची फाइल रिकामी करितों, जुन्या किल्ल्या काढून टाकितों, आणि मग त्या यंत्राचा ‘टेम्प्लेट’ म्हणजे सांचा करितों. सांच्यांतून निघालेलें प्रत्येक यंत्र प्रथम सुरू होतांना स्वतःची खूण घेतें. किल्ल्या आम्ही नव्या घडवितों व नांव निराळें देतों. धोक्याच्या कामापूर्वीं स्नॅपशॉट घेतों, म्हणजे चूक झाल्यास मागें फिरतां येतें. आणि ओव्यांची एक प्रत निराळ्या डिस्कवर आमच्या धाकट्या बहिणीच्या घरीं असते. कारण एकाच डिस्कवर दहा क्लोन असले, तरी ती डिस्क बिघडली कीं दहाही जातात.

विद्यार्थी मित्रहो, प्रत करणें सोपें आहे. प्रत्येक प्रतीस तिची स्वतःची ओळख देणें हें खरें काम. कांहींही पुसण्यापूर्वीं दारावरील नांव दोनदां वाचा. आणि पालकांस आमची विनंती इतकीच, कीं घरांतील वडीलधाऱ्यांचे शब्द टिपून ठेवा, व ते एकाच घरांत ठेवूं नका.