राखून ठेवलेले अंश

संगणकाच्या प्रोसेसरवर जो वेग छापलेला असतो, तो त्याच्या ताकदीचा शेवट नसतो. कारखान्यात प्रत्येक चिपची परीक्षा होते आणि ती ज्या वेगाने चालू शकेल, त्याहून थोडा कमी वेग तिच्यावर छापला जातो. मधला फरक हा जणू कोणी विसरून ठेवलेला ऐवज आहे, असे समजून तो काढून घेण्याच्या उद्योगाला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००-ए नावाचा स्वस्त प्रोसेसर निघाला. त्याच्या बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० ऐवजी ४५० मेगाहर्ट्झने तो पळे, आणि दुप्पट-तिप्पट किमतीच्या भावंडांच्या पंक्तीला जाऊन बसे. तेव्हापासून या उद्योगाला एक प्रकारचे पुण्य चिकटले. जे फुकट मिळते ते न घेणारा मूर्ख ठरला.

वाङ्मयाच्या गप्पांत हे कुठून आले, असे वाचकास वाटेल. थोडा धीर धरावा.

पुण्यात अभियांत्रिकी शिकणाऱ्या आमच्या भाच्याने नवा संगणक घेतला आणि जुना आम्हास जळगावी पाठवला. त्यात क्यू ६६०० हा २००७ सालचा, चार गाभ्यांचा प्रोसेसर होता. छापील वेग २.४ गिगाहर्ट्झ, भाच्याने तो नेला होता ३.२ वर, आणि त्यासाठी व्होल्टेज १.२५ वरून १.३७५ केले होते. डिसेंबरात रात्रभर कसून तपासले होते. "मामा, एकदम ठणठणीत आहे," असा निर्वाळाही मिळाला होता, आणि तो खोटा नव्हता. जानेवारी, फेब्रुवारी यंत्राने एकदाही तोंड वाकडे केले नाही.

काम होते कॅसेटींचे. धुळ्याच्या एका प्राध्यापक स्नेह्यांनी ऐंशीच्या दशकात साक्री, शिंदखेडा या भागांत हिंडून अहिराणी लग्नगीते आणि जात्यावरच्या ओव्या टेप केल्या होत्या. गाणाऱ्या बहुतेक जणी आता हयात नाहीत. चुंबकीय फीत उन्हाळ्यागणिक झिजत होती, काही कॅसेटी तर एकदाच नीट वाजतील अशा अवस्थेत होत्या. त्या वाजवून संगणकात घ्यायच्या, खरखर कमी करायची, आणि जपून ठेवायच्या, इतकाच संकल्प.

२०१० च्या एप्रिलात पारा चव्वेचाळीसला टेकला आणि यंत्र दुपारी अडीच-तीनच्या सुमारास हँग होऊ लागले. कधी निळा पडदा, कधी आपोआप रिस्टार्ट. गावातल्या दुरुस्तीवाल्याने यंत्र न उघडताच निदान केले: "फॉरमॅट मारावा लागेल, सर." जळगावात संगणकाच्या यच्चयावत व्याधींवर हा एकच काढा चालत असे. विंडोज नव्याने घातले गेले. दुसऱ्या दिवशी तीन वाजता निळा पडदा हजर.

मग आम्ही स्वतःच झाकण उघडले. हीटसिंकच्या पात्यांत धुळीचा नमदा बसला होता. ती मुख्यतः काळ्या रानाची बारीक माती, वैशाखाच्या वावटळीत बंद खिडकीतूनही आत येणारी. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट सुकून खपली झालेली होती. हीटसिंकच्या चार खिळ्यांपैकी एक प्रवासात निसटून अर्धवट वर आला होता. ब्रशने धूळ काढली, जुनी पेस्ट स्पिरिटने पुसली, नवी तांदळाच्या दाण्याएवढी लावली, खिळा दाबला. भरकामात ९३ अंशांवर जाणारे तापमान ८७ वर आले. सहा अंश मिळाले. पण दुपारची फेफरी थांबली नाही.

भाच्याचे फोनवरचे मत निराळे पडले. त्याला संशय होता विजेचा. तोही निराधार नव्हता: ते दिवस लोडशेडिंगचे, आणि वीज आली तरी स्टॅबिलायझरचा काटा दुपारी १९० वर रेंगाळायचा. रात्री काटा वर येई आणि यंत्रही शहाण्यासारखे वागे. अडचण अशी की रात्री हवाही गार असते. दोन संशयित नेहमी एकत्रच येत-जात असतील, तर दोष कोणाच्या माथी मारणार?

येथे धुळ्याच्या स्नेह्यांनी वाट दाखवली. त्यांचे गावाकडचे घर धाब्याचे. हातभर रुंदीच्या मातीच्या भिंती, वर माळवद. कॅबिनेट मांडीवर घेऊन आम्ही एसटीने एरंडोल, पारोळा करत तेथे गेलो. जळगावच्या आमच्या स्लॅबच्या घरात दुपारी खोलीत ४१ अंश असत, येथे ३२ भरले. विजेचा काटा मात्र १८५ वर, म्हणजे जळगावहून वाईट. यंत्र एक ते पाच अखंड चालले. प्रोसेसर ७८ अंशांवर स्थिर. वीज निर्दोष सुटली.

गणित साधे आहे. हीटसिंक आणि पंखा प्रोसेसरला भोवतालच्या हवेपेक्षा गार करू शकत नाहीत. त्याचे तापमान म्हणजे खोलीचे तापमान अधिक त्याची स्वतःची उष्णता. स्वच्छ केल्यावर ही वाढ ४६ अंशांची होती. पुण्याच्या थंडीतल्या २२ अंशांत ती ६८ होते, धाब्याखाली ७८, स्लॅबखाली ८७. शिवाय उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, आणि व्होल्टेजच्या तर वर्गाच्या प्रमाणात. भाच्याने वेग तिसऱ्या हिश्शाने व व्होल्टेज एक दशांशाने वाढवले होते. गुणाकार केला की उष्णता सुमारे ६० टक्क्यांनी वाढलेली निघते. चिप तापली की तिच्यातले संदेश मंदावतात, आणि पुढचा ठोका पडण्याच्या आत एखादा संदेश मुक्कामी पोचत नाही. शून्याच्या जागी एक लिहिला जातो. इतकेच.

हवेहून गार व्हायचे तर पाणी उडून जावे लागते. माठ तेच करतो, वाळ्याच्या ताट्यांचा कूलर तेच करतो, आणि भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्राचे वाफ सोडणारे अवाढव्य मनोरेही तेच. आमच्या कोरड्या हवेत ही युक्ती उत्तम साधते. मात्र कूलरचा ओला झोत उघड्या संगणकावर सोडावा, असे आम्ही कोणास सुचवणार नाही.

धाब्याच्या ओट्यावर बसून हे सारे ऐकणाऱ्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारले, "भरदुपारले कोन काम करस, भाऊ?"

प्रश्न रास्त होता. कारखानदाराने चिपवर जो वेग कमी छापला, तो विसराळूपणाने नव्हे. धुळीने भरलेला पंखा, सुकलेली पेस्ट, वैशाखातली बंद खोली, हे सारे सोसूनही बेरीज चुकू नये, म्हणून ते अंश राखून ठेवलेले होते. पुण्याच्या डिसेंबरात ते वाया गेल्यासारखे दिसतात, कारण तेथे त्यांचे काम पडत नाही. ते आमच्या वाट्याचे होते. बावीस अंशांच्या खोलीत घेतलेली परीक्षा ही त्या खोलीचीही परीक्षा असते, पण निकालपत्रावर खोलीचे नाव कोणी लिहीत नाही. प्रमाणभाषेत वाढलेल्याला अहिराणीतला 'शे' अशुद्ध वाटतो, त्यातलाच हा प्रकार. प्रमाण म्हणजे कोणाच्या तरी अंगणातली हवा, हे त्या अंगणाबाहेर आल्याशिवाय कळत नाही.

परंतु आमची झोप उडाली ती निराळ्याच कारणाने. हँग होणारे यंत्र निदान प्रामाणिक असते. न थांबता चुकणारे यंत्र भयंकर. मार्चमध्ये साफ केलेल्या एका ओवीत मध्येच 'टिच्' असा आवाज होता. फितीचा दोष समजून आम्ही पुढे गेलो होतो. आता कॅसेटवरून उतरवलेली मूळ फाइल पुन्हा त्याच प्रक्रियेतून काढली, तर त्या जागी आवाज नव्हता. वीस सेकंद पुढे दुसराच उमटला. फितीवरचा ओरखडा जागा सोडत नाही. जो सोडतो, तो लेखनिकाचा.

पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना हे सांगायला नको. एकाच नकलकाराच्या दोन प्रती समोरासमोर ठेवल्या की त्याची डुलकी कुठे लागली ते दिसते. एकच प्रत असेल तर डुलकीही संहिता होऊन बसते. आमच्याच जिल्ह्यातल्या बहिणाबाईंची गाणी सोपानदेव आणि पितांबर चौधरी यांनी ऐकून उतरवली म्हणून उरली, आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ साली ग्रंथरूपाने आली. ते हात जागे होते, हे आपले भाग्य. आमच्या कॅसेटींचा लेखनिक दर सेकंदाला ४४,१०० आकडे उतरवत होता, आणि दुपारी त्याला ग्लानी येत होती.

प्राइम९५ हा प्रचंड मूळ संख्या शोधणारा प्रोग्रॅम अशा ग्लानीचा उत्तम पारखी आहे, कारण त्याला आपल्या उत्तरांचा ताळा करता येतो. स्लॅबखाली ३.२ वर तो चाळीस मिनिटांत तक्रार करून थांबला. ३.० वर दीड तासाने. बायोसमध्ये सर्व मूल्ये छापील केली, वेग २.४, व्होल्टेज मूळचे. तेव्हा भरदुपारी प्रोसेसर ७० वर राहिला आणि सहा तासांत एकही चूक निघाली नाही. मेमरीची तपासणी रात्रभर वेगळी केली, तीही निर्मळ. भाच्याला थोडे वाईट वाटले. "हिवाळ्यात परत वाढवू, मामा," तो म्हणाला. आम्ही हो-नाही काही बोललो नाही.

मार्चपासून झालेल्या एकोणीस कॅसेटींच्या फाइली पुन्हा मुळापासून, दोन-दोनदा साफ केल्या आणि जोड्या ताडून पाहिल्या. तंतोतंत जुळल्या तरच ठेवल्या. आठवड्याचे काम तीन आठवडे चालले. शिंदखेड्याकडच्या एका ओवीत मात्र दोन्ही प्रतींत, अगदी त्याच क्षणी, एक बारीक किणकिण राहिली. मूळ फितीतही ती आहे. गाणारीची बांगडी जात्याच्या खुंट्यावर आपटत होती. खरखर काढण्याच्या कक्षेबाहेर तेवढा तुकडा आम्ही ठेवला.