दोन उकली कधीच नसतात

चाळीसगावच्या शाळेत एकसामयिक समीकरणं शिकवताना सरांनी फळ्यावर रेषा काढल्या. छेदल्या की एक उकल, समांतर गेल्या की उकल नाही, एकीवर एक बसल्या की अनंत. निश्चयक शून्य आला, की 'इथे क्रेमर चालत नाही' असं लिहून आम्ही पुढच्या गणिताकडे वळायचो. त्या एका शून्याच्या पोटात 'एकही नाही' आणि 'हव्या तितक्या' अशी दोन टोकं दडलेली असतात, हे तेव्हा कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

कॉलेजात समीकरणांचे आकडे सारणीत मांडून ओळीतून ओळ वजा करायला लागलो. तळाशी शून्य, शून्य, शून्य आणि उभ्या रेघेपलीकडे ५ उरला, की खेळ खलास. पलीकडेही शून्यच आला, तर ती ओळ नुसती भरताड. मला भरताडच बरी वाटे, निदान दार उघडं राहायचं.

आता मुक्काम चेन्नईत अड्यारला, गांधीनगरात. सरदार पटेल रोडपलीकडे आयआयटीचं हरणांचं रान. शेजारचा दहावीतला मुलगा वही घेऊन येतो. त्याला हॉटेलची बिलं घातली. दोन प्लेट इडली आणि एक कॉफी, ११० रुपये. दुसऱ्या दिवशी चार प्लेट, दोन कॉफी, २२०.

"दुसरं बिल फुकट गेलं, अंकल."

मग त्यानेच विचारलं, बरोब्बर दोनच उत्तरं असली तर? इडली ४०, कॉफी ३० जमतं. इडली ३०, कॉफी ५० हेही जमतं. मग मधलं, ३५ आणि ४०? तेही जमलं. दोन उकली सापडल्या, की त्यांना जोडणारी अख्खी रेषाच हाती लागते. म्हणून एक, शून्य किंवा अनंत. दोनवर कधी थांबत नाही.

मग त्याला भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'तलं कोडं सांगितलं. चार समान श्रीमंत माणसं आहेत. घोडे ५, ३, ६, ८. उंट २, ७, ४, १. खेचरं ८, २, १, ३. बैल ७, १, २, १. समीकरणं तीन, अज्ञात किमती चार. आचार्यांचं उत्तर ८५, ७६, ३१, ४, म्हणजे प्रत्येकाचं धन ८५३. सगळ्या किमती दुप्पट केल्या तरी चालतं. (चाळीसगावजवळच्या पाटण्याला, आचार्यांचे ग्रंथ शिकवायला नातू चांगदेवाने काढलेल्या मठाचा शिलालेख आहे. शाळेच्या सहलीत आम्ही तो न पाहताच, तिथल्या देवीचं दर्शन घेऊन परतलो होतो.)

"मग घोडा नक्की कितीचा?" पोरगा वैतागला.

एका जनावराचा भाव बाहेरून कळायला हवा, मी म्हणालो.

"उंट शंभरला धरू," म्हणत त्याने कॅल्क्युलेटर ओढला.