व्यक्तिमत्त्वाचे मापन आणि नौपाड्यातील उत्तरे

व्यक्तिमत्त्वाच्या प्रश्नावल्यांमध्ये स्वतःविषयीच्या विधानांशी आपण कितपत सहमत आहोत हे पाच पायऱ्यांच्या श्रेणीवर नोंदवायचे असते, आणि प्रसंग बदलला तरी माणसाचा स्वभाव बराचसा तोच राहतो व तो त्याला एकट्याला सांगता येतो, हे त्यांत गृहीत धरलेले असते. ठाण्याच्या नौपाड्यात अशा प्रश्नावल्या भरून घेताना प्रस्तुत लेखिकेला ही दोन्ही गृहीते डळमळीत होताना दिसली. घंटाळीजवळच्या एका घरात, अनोळखी माणसांशी बोलायला आवडते, या विधानावर बँकेतून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी ‘काउंटरवर की लग्नकार्यात?’ असे विचारले. सुनेची पाळी आली तेव्हा तिच्या आधी सासूबाईंनीच ‘ती अबोल आहे’ असा निर्वाळा दिला, आणि लोकलच्या डब्यात आपलाच आवाज सर्वांत मोठा असतो, हे सुनेने नंतर जिन्यात सांगितले. नियमाप्रमाणे ‘मनात येईल ते लिहा’ एवढेच सांगायचे असल्याने गृहस्थांनी अखेर मधली पायरी निवडली, आणि आकडेमोडीत त्यांची नोंद अनिश्चित स्वभावाचा माणूस अशी होणार होती.

ही टाळाटाळ नव्हे. स्टीव्हन कझिन्स यांनी 1989 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ‘मी कोण?’ या मोकळ्या प्रश्नाला जपानी विद्यार्थ्यांनी अमेरिकी विद्यार्थ्यांपेक्षा कमी स्वभावविशेष लिहिले होते. मात्र ‘घरी’, ‘मित्रांत’ असा संदर्भ पुरवताच चित्र उलटले.

दुसरी अडचण अधिक चिवट आहे. स्टीव्हन हाइने आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये दाखवल्याप्रमाणे माणूस स्वतःला आसपासच्यांशी ताडून गुण देतो, त्यामुळे दोन समाजांच्या सरासऱ्या शेजारीशेजारी ठेवल्या तरी त्यांची तुलना होतेच असे नाही. समोरच्या बिऱ्हाडातल्या टापटिपीकडे बोट दाखवून स्वतःला नीटनेटकेपणात मधलीच पायरी देणाऱ्या गृहिणीचे स्वयंपाकघर पाहिल्यावर लेखिकेला या निष्कर्षासाठी वेगळा पुरावा लागला नाही.

यावर एक उपाय म्हणून सर्वांना एकाच काल्पनिक व्यक्तीचे छोटे वर्णन देऊन आधी तिला गुण द्यायला सांगतात, म्हणजे प्रत्येकाची मोजपट्टी कळते. कामे वेळेवर न करणाऱ्या अशा एका माणसाचे वर्णन वाचून झाल्यावर सासूबाईंनी पेन्सिल खाली ठेवली आणि त्याच्या घरी कोणी आजारी आहे का, अशी चौकशी केली.