निधान

आमच्या घरात दोन भाषा नांदतात. माझं माहेर बेळगावचं, मराठी. सासर गोकाककडचं, कन्नड. लेक अज्जीशी कन्नडमध्ये बोलते, माझ्याशी मराठीत आणि भांडायचं असलं की दोन्हींत. गेल्या वर्षी मात्र ती एक गोष्ट दोन्ही भाषांत लपवत होती.

पीयूसीच्या पहिल्या वर्षाला असताना ती कॉलेजच्या व्हॉलीबॉल संघात आली. उंच असल्यामुळे जागा नेटजवळची. ब्लॉकला उडी, स्मॅशला उडी, सारा खेळ उड्यांचाच. एकदा माझ्या लक्षात आलं, जिना उतरताना ही कठडा धरते. विचारलं तर म्हणे, "काही नाही गं!" सासूबाईंनी मात्र रात्री तेल चोळताना दुखरी जागा बरोबर शोधली. गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या टोकाला बोट लागताच पोर कळवळली. तीन महिने दुखत होतं. सांगितलं तर आई खेळ बंद करील, ही भीती.

आणि मी तेच केलं. "आम्ही असल्या गुडघ्यांनीच कबड्डी खेळलो, थोडं सोसायला हवं," असं ह्यांचं म्हणणं. मी ऐकलं नाही. सहा आठवडे सक्तीची विश्रांती दिली. दुखणं थांबलं. निवड चाचणी जवळ आली होती, म्हणून मैदानावर परतली ती थेट पूर्वीसारख्या उड्या मारायला. आठवड्याभरात गुडघा पुन्हा तसाच! चाचणी हुकली. त्या रात्री ती एवढंच म्हणाली, "आई, तू मला थांबवलंस, पण बरं नाही केलंस."

ते शब्द मला लागले. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी फिजिओथेरपिस्टबाईंकडे पाठवलं.

बाईंनी समजावून सांगितलं. गुडघ्याची वाटी आणि नडगीचं हाड यांना जोडणारी जाड, चिवट दोरी म्हणजे टेंडन. उडी मारताना आणि त्याहून जास्त जमिनीवर उतरताना तिच्यावर मोठा ताण येतो. तिच्या ताकदीपेक्षा उड्या वाढल्या, सावरायला वेळ मिळाला नाही, की ती दुखायला लागते. 1973 साली ब्लाझिना या अमेरिकन डॉक्टरांनी या दुखण्याला 'जंपर्स नी' हे नाव दिलं. नॉर्वेतल्या अव्वल खेळाडूंच्या 2005 सालच्या पाहणीत व्हॉलीबॉल खेळणाऱ्यांपैकी 45 टक्के आणि बास्केटबॉल खेळणाऱ्यांपैकी 32 टक्के जणांना हा त्रास आढळला होता. म्हणजे माझी लेक नाजूक नव्हती, की नाटकी नव्हती.

हे दुखणं फसवंही असतं. अंग गरम झालं की कमी होतं आणि खेळ संपल्यावर डोकं वर काढतं. नुसत्या विश्रांतीने दुखणं निवतं, पण दोरी आणखी अशक्त होते. सोसून खेळलं तर ती आणखी चिडते. म्हणजे हेही अर्धे चुकले आणि मीही!

उपाय म्हणजे मोजून-मापून दिलेला भार. उड्या काही दिवस बंद. भिंतीला पाठ टेकून, खुर्चीत बसल्यासारखं 45 सेकंद स्थिर राहायचं, पाच वेळा, मधे दोन मिनिटं दम घ्यायचा. मग एक दिवसाआड वजन घेऊन अगदी सावकाश बैठका. त्या जमल्यावर मोजक्या उड्या. रोज सकाळी उठून एका पायावर थोडं वाकून पाहायचं. दुखणं कालइतकंच असलं तर पुढे जायचं. वाढलं असलं तर काल जास्त झालं, एक पाऊल मागे. (गुडघा सुजला, अडकला किंवा रात्रीही दुखू लागला तर मात्र आधी डॉक्टर. भराभर उंची वाढणाऱ्या लहान मुलांना नडगीच्या वरच्या उंचवट्यावर दुखतं, ते दुखणं निराळं.)

तीन-चार महिने लागतील, कदाचित जास्तही, असं बाई म्हणाल्या तेव्हा लेकीचे डोळे भरले. पण तिने भिंतीवर कॅलेंडर लावलं आणि सकाळचं दुखणं दहापैकी किती, ते रोज लिहू लागली. पाचाचे तीन झाले, मधेच पुन्हा चार, मग दोन. सेकंद मोजायला सासूबाई समोर बसायच्या, कन्नडमध्ये. ती घाई करू लागली की म्हणायच्या, "निधान यव्वा, निधान."

सात महिन्यांनी ती पूर्ण सामना खेळली. संघात निवड होईल की नाही, ते पुढच्या चाचणीत ठरेल. पण आता दुखलं तर ती आधी मला सांगते, आणि मीही लगेच "बंद कर" म्हणत नाही. आधी विचारते, "आज किती?"

कन्नडमधलं 'निधान' म्हणजे सावकाश. आपल्या मराठीत त्याचाच अर्थ ठेवा. आमच्या घरात हल्ली दोन्ही अर्थ चालतात.