तणमोर

मोर म्हटले की पिसारा डोळ्यांपुढे येतो. त्याच्यावर कविता झाल्या, गाणी झाली, १९६३ साली तो राष्ट्रीय पक्षीही झाला. पण आमच्या वाशीम जिल्ह्याच्या माळावर आणखी एक मोर आहे आणि त्याची दखल फारशी कोणी घेतलेली नाही. खरे तर तो मोर नव्हेच. माळढोकाच्या कुळातला, कोंबडीएवढा हा पक्षी म्हणजे तणमोर.

एरवी तो मातकट. गवतात बसला की गवतच! पावसाने गवत गुडघाभर वाढले की नराचे रूप पालटते. अंग काळेभोर होते, डोक्यामागे बारीक लांब पिसे फुटतात आणि एका जागेवरून तो पुरुषभर उंच उड्या मारू लागतो, दिवसाकाठी शेकडो. मादी नराहून मोठी, पण ती दिसणे कठीण. जमिनीवरच्या खळग्यात तीन-चार अंडी घालून ती एकटीच उबवते.

माझे बाबा शेळ्या राखतात. ग्रंथालयातल्या पुस्तकातले चित्र मी त्यांना दाखवले. ते हसून म्हणाले, "पोरी, हे तं पावसायातलं पाखरू हाय. दिसलं तं दिसलं, नाही तं गवतच." अक्षर न वाचता त्यांनी सारे सांगितले होते!

ज्या जमिनीवर हा पक्षी नाचतो, तिला कागदोपत्री 'ई-क्लास' म्हणतात आणि बोलण्यात 'पडीक'. आमच्या शेळ्या तिच्यावर जगतात, माझे शिक्षणही त्या शेळ्यांवर चालते. मग ती पडीक कशी? पण भूमिहीन शेजाऱ्याने तिथे नांगर घातला, तर त्याला तरी कोणत्या तोंडाने दोष द्यावा? पोट त्यालाही आहे.

१९७२ च्या कायद्याने तणमोराची शिकार बंद केली. नांगर थांबवणे कायद्याला तितके सोपे नाही. २०२१ साली जगातील अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत त्याची गणना झाली. पिढ्यान्‌पिढ्या फासे लावणाऱ्या फासेपारधी समाजातील काही मंडळी आज अकोला-वाशीम भागात त्याच्यासाठी माळ राखत आहेत. माळ ओळखणाऱ्यांनाच तो राखता येतो, हे त्यांनी दाखवून दिले.

मित्रहो, गवत पावसाळा सरल्यावर कापले तर पिल्ले उडून गेलेली असतात आणि जनावरांना चाराही मिळतो. निदान तेवढी गोष्ट आपापल्या ग्रामसभेत उभे राहून सांगायला आपण शिकलेली मुले कचरू नये.